अकरातले चार

वडगावच्या कलावती बिर्जेचं यकृत
सोमवारी माझ्याकडे आलं,
फॉर्मॅलिनच्या डबीत, दोन सेंटिमीटरचा धागा.
फॉर्मवर नाव कन्नडात होतं, रजिस्टरला मी मराठीत उतरवलं.
दोन्हीकडे ती थोडी थोडी चुकली.

मेणात बसवलं, कापलं
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
निळ्यात बुडवलं, मग गुलाबीत.
दुसऱ्या रेल्वे गेटाला मिरजेची गाडी अडून होती,
हॉर्नांनी काचा थरथरत होत्या,
भिंगाखाली मात्र सगळं थांबलेलं.

यकृताच्या प्रत्येक चौकात तिघं राहतात:
एक धमनी, एक शीर
आणि एक बारीक पित्तनळी,
बाळाच्या काकणाएवढी गोल,
ठेंगण्या पेशी खांद्याला खांदा लावून.
मी चौक मोजले. अकरा.
काकणं मोजली. चार.
परत मोजली,
बोटाने हवेत, बाजारातल्या बाईसारखी.

उरलेल्या चौकांत निळे दाणे,
सांडलेल्या राळ्यासारखे.
लिम्फोसाइट. नुसतं केंद्रकच,
अंगावर कापड म्हणून काही नाही.
राखण करायला ठेवलेले हे,
काकणाच्या भिंतीत एकेक घुसून बसलेत.

कशासाठी, तर एका प्रथिनासाठी.
ते तर प्रत्येक पेशीच्या चुलीत असतं,
हृदयात, डोळ्यात, माझ्या या अंगठ्यात.
मग याच गल्लीत का?
म्हणतात, इतर पेशी मरताना
ते प्रथिन मोडून, झाकून ठेवतात;
ही पेशी तसंच उघड्यावर टाकून जाते,
आणि येणाऱ्याला ते परकं दिसतं.
नळीही काही गरीब गाय नव्हे.
दुखावली की तीच रसायनांच्या हाका मारते,
आणि धावत आलेल्यांना वाटतं
आपल्याला घर मोडायलाच बोलावलंय.

इथल्या माणसाला इथे लगेच रूपक सुचतं.
मला नको.
सकाळीच चौकात एका पाटीला डांबर फासलेलं पाहून आले.
ते वेगळं.
डांबर रॉकेलने निघतं.

डॉक्टर पट्टणशेट्टींनी भिंगात बराच वेळ पाहिलं.
मग एवढंच म्हणाले, "हौदु."

गुरुवारी ती स्वतः आली रिपोर्टला.
डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीचा एक हात,
पिशवीत मागावरचा जुना धोटा.
"रात्री खाजवायलंय बघ, तळहात, तळपाय.
ह्यानंच खाजवतो. नखं पुरत नाहीत."
लाकूड गुळगुळीत झालेलं,
सुतानं की कातडीनं, विचारलं नाही.

"कोण करालंय हे?"
तुमच्याच रक्तातले, मावशी.
"माझेच?"
जरा वेळ ती खिडकीबाहेर गेटाकडे बघत राहिली.
"मग पोलिसात तरी कुणाविरुद्ध द्यायचं."

गोळीचं सांगितलं. पित्त सौम्य करते,
आधी अस्वलाच्या पित्तात सापडलं होतं ते औषध.
ती खोखो हसली, दोन खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली.
तिचं माहेर खानापूरकडचं, भीमगडाच्या रानालगत;
बापाच्या खांद्यावर अस्वलाच्या नखांचे चार वळ होते,
मरेपर्यंत.
"आता त्याचंच पित्त खायचं म्हणतेस!"
आता कारखान्यात करतात, म्हटलं.
तरी तिला पटलं नाही. पटवून घ्यायचंच नव्हतं तिला.

ती गेल्यावर काच पुन्हा लावली.
सातव्या चौकातलं काकण.
भिंतीत तीन निळे दाणे,
आणि त्यांच्यामध्ये एक पेशी
फुगलेली, जागेवरून किंचित कललेली,
शेजारणीला एका कडेने धरून.

पडली नव्हती अजून.