हर्णै सोसायटीत एसक्यूएल

चेअरमन म्हणाले, चोगले मॅडम, डिझेल परताव्याचा हिशेब
आता यातूनच काढायचा, गणपतीच्या आत.
आत डेटाबेस आहे म्हणे.
बसवायला आलेला मुलगा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून
साडेचारच्या एसटीने खेडला गेला.
चिठ्ठी ओली झाली. इथे सगळंच होतं.

मग मी शोधायला लागले, शिकायचं कशातून.
दापोलीला स्टँडसमोर रद्दीत एक जाडजूड मिळालं, वजनावर.
पहिली सत्तर पानं नुसतं इन्स्टॉल कसं करायचं,
आणि जॉइन जिथे सुरू होतो
तिथली पानं कुणी फाडून नेलेली.
तोही घाईत असणार, माझ्यासारखा.

भाचीने पुण्याहून व्हिडिओ धाडले.
मास्तर हसरा, पण बस सुटत असल्यासारखा बोलायचा,
आणि त्याची उदाहरणं सगळी एकाच कंपनीतली:
कर्मचारी, खातं, पगार,
कर्मचारी, खातं, पगार.
आमच्याकडे पगार कुठला? वाटा असतो.
तांडेलाचा वेगळा, जाळ्याचा वेगळा,
होडीचासुद्धा.
रेंज धक्क्याच्या टोकाला. तिथे उभी राहून
फोनवरचं गोल चाक बघायची,
मागे लिलाव चाललेला, पायाशी म्हाकुलांची टोपली.

एक फुकटचं पुस्तक मात्र बरं होतं.
ते म्हणायचं, आधी चुकव, मग पुढचं पान.
मी भरपूर चुकवलं.
पण त्यातही दोनशे बाराव्या पानावर अडले:
नल कशाच्याच बरोबरीचा नसतो,
दुसऱ्या नलच्याही नाही.
चार वेळा वाचलं. पाचव्यांदा दिवे गेले.

कासमभाई मुकादम अजून रोज येतात.
एकतीस वर्षं सोसायटीच्या वह्या त्यांनी लिहिल्या,
आता पेपर वाचायला येतात, आमच्याच खुर्चीत.
स्क्रीनकडे बघून म्हणाले, हे माझंच की,
उभं आणि आडवं.
कपाटातून दोन वह्या काढल्या. एकीत होड्या,
एकीत रोजचा माल.
मालाच्या वहीत मालकाचं नाव कधी लिहिलं नाही बाय,
नुसता नंबर. मालक बदलला
तर एकाच ठिकाणी खोडायचं.
डाव्या वहीवर एक बोट, उजव्या वहीवर दुसरं,
आणि दोन्ही बोटं एकाच नंबरावर.
फाडून नेलेला धडा असा मिळाला.

सरावाला मी जुनं वर्ष भरायला घेतलं.
पापलेट, सौंदाळा, ढोमा, किलो, भाव.
ऑक्टोबरातल्या एका दिवशी 'दर्याफूल'पुढे
वजनाचा रकाना कोरा.
विसरलात का, म्हटलं, शून्य टाकू?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
शून्य म्हणजे आली, बाय.
जाळं रिकामं, तांडेल शिव्या घालत उतरला,
टपरीवर चहा प्याला, उधारीवर.
हे शून्य नाही.
मग काय लिहू?
काही नको लिहू. मीही नाही लिहिलं.

होड्यांच्या वहीत नंबर शोधला.
तांडेल: या. मु. मुकादम.
अक्षर तेच, थोडं अधिक जपून काढलेलं.
मी काही विचारलं नाही.
रकाना तसाच सोडून पुढच्या ओळीवर गेले,
आणि यंत्राने बारक्या अक्षरात, आपणहून,
तिथे नल लिहिलं.

संध्याकाळी त्या दिवसाची बेरीज काढली.
दर्याफूल तिच्यात नव्हती; कोऱ्याची बेरीज होत नाही.
मग सगळ्या ओळी मोजायला सांगितल्या,
मग नुसती वजनं.
मोठ्याने वाचलं:
निघाल्या सत्तेचाळीस.
माल आला सेहेचाळिसांचा.

हां, कासमभाई म्हणाले,
पेपरातून मान वर न करता,
बरोबर आहे.