गाडी चिनीत बोलते

इकुबात, म्हणजे आमच्या गल्लीच्या भिशीत,
यंदा अस्नाकेचचं नाव निघालं.
वीस बायका, त्यात एक न्हावी.
पैसे मोजले इंजेराच्या तव्याशेजारी,
पिठाच्या हातांनी; नोटांना आंबूस वास.
आणि ती म्हणाली, गाडी घेते. विजेची.

मी तिचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं
लाडा टॅक्स्यांच्या पोटाखाली उताणा पडलेला माणूस.
माझ्या नखांतलं काळं लग्नातसुद्धा गेलं नव्हतं.
म्हणालो, ताई, हिच्यात इंजिनच नाही.
म्हणाली, मग बिघडणार काय?

मग मी हिशोब मांडला, तिला हरवायला.
पेट्रोलच्या रांगेत गेलेली सकाळ.
रांगेत उभा केलेला पोरगा, त्याची मजुरी, त्याचा चहा.
तेल, प्लग, फिल्टर, आणि मी
(बहिणीकडूनही घेतो; अर्धेच, पण घेतो).
समोरच्या रकान्यात
खिडकीतून सोडलेली एक वायर,
आणि सकाळी मीटरवर वाढलेला जेमतेम एका जेवणाचा आकडा.
तिसऱ्यांदा बेरीज केली
तेव्हा पेन्सिल मीच खाली ठेवली.

दुकान मेगेनान्याच्या पुलापलीकडे.
इस्त्रीचा विक्रेता म्हणाला, एका चार्जात चारशे किलोमीटर.
अस्नाकेच म्हणाली, माझी सात हॉटेलं, आणि परत.
म्हणाला, छताला काच आहे, चांदणं दिसतं.
म्हणाली, काच काढून कितीला देतोस?
घासाघीस दुपारपर्यंत. कॉफी दोनदा आली.
शेवटी तो खुर्चीत बसला नि म्हणाला,
गाडी चिनीत बोलते. अम्हारिक घालायचे वेगळे पडतील.
माझ्या बहिणीनं नेतेला खांद्यावर सारली:
राहू दे. बोलू दे तिला.

आता पहाटे चारला
एन्तोतोवरून उतरलेली तरसं उकिरड्याशी असतात,
ती त्यांच्या शेजारून जाते
आणि एकही मान वर होत नाही.
मागच्या सीटवर गरम इंजेराची चळत, काचांवर वाफ.
पडद्यामागची बाई काहीतरी विनवत असते,
अस्नाकेच म्हणते, हो गं.
टेफ पुन्हा महागलं. तुमच्याकडे काय भाव?

वीज जाते तेव्हा मात्र दोघी गप्प.
परवा अकरा तास गेली.
गॅरेजातला जनरेटर मी ढकलत चढावर नेला,
पेट्रोलवरचा.
गल्लीत कुणी काही बोललं नाही.
मी जरा हसून घेतलं.

लाडा आता आठवड्याला दोनच येतात.
रिकाम्या दुपारी मी तिच्या गाडीचं झाकण उघडतो.
एक मिटलेली पेटी. नारिंगी वायरी.
विजेचा कोंब आणि खाडा केलेला हात,
एवढंच मला वाचता येतं.
कान लावून पाहतो. ज्या कानांनी
वाल्व्हची खोकली उंबऱ्यातून ओळखली,
त्यांना इथे काहीच सापडत नाही.

काल डाव्या दाराची बिजागरी करकरली.
चप्पल न घालता धावलो मी, तेलाची कुपी घेऊन.
दोन थेंब. दार उघड, मीट, उघड.
करकर गेली.
आतून बाई काहीतरी बोलली, बरंच लांबलचक.

तुलाच म्हणतेय, अस्नाकेच म्हणाली.
काय म्हणतेय?
किती झाले, विचारतेय.

मी हात पुसले.
सांग तिला, म्हणालो, अर्धे.