शिफारस

सर म्हणाले, "मसुदा तूच लिही,
मी नजर टाकतो, सही करतो."
आणि कोट चढवून गेले विमानतळाकडे,
बोस्टनला, माशांच्या हृदयांवर बोलायला.

रात्रीचे अकरा. डलूथ.
खिडकीखाली सरोवर गोठताना कण्हतंय.
शुक्रवारच्या आत पत्र पोचायला हवं.
मागच्याच आठवड्यात मेडिकलच्या अर्जात
एका चौकोनात खूण केली होती मी :
हे पत्र वाचण्याचा माझा हक्क मी सोडत आहे.
आणि आता तेच लिहायला बसले आहे.

पहिली अडचण व्याकरणाची.
'मी आले' खोडून 'ती आली'.
एक मात्रा गेली, एक वेलांटी आली
आणि मी परकी झाले.

ती दोन वर्षं आमच्या प्रयोगशाळेत होती.
(आमच्या म्हणजे सरांच्या.
सर मला दोनदा एमिली म्हणाले.
मी आयली. आयली रौटिओ.
कागदावर तरी ते मला बरोबर हाक मारतील.)

ती असामान्य आहे. खोडलं.
ती विलक्षण जिद्दीची. खोडलं.
मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांत पहिल्या पाच टक्क्यांत...
सरांनी किती पाहिले, कसे पाहिले,
मला काय ठाऊक?

खरं सांगायचं तर
झेब्रा माशाच्या हृदयाचा तुकडा कापला
की तो पुन्हा वाढतो, हे जगाला आधीच माहीत.
आमचं औषध घातल्यावर लवकर वाढतो का,
एवढंच मला बघायचं होतं.
नाही वाढत.
दोन वर्षं, चारशे बारा मासे, उत्तर : नाही.
नाहीचा शोधनिबंध कोणी छापत नाही.

मग काय लिहू?
की थँक्सगिव्हिंगला सगळं गाव टर्की कापत होतं
तेव्हा ती टाक्यांमध्ये खाणं टाकत होती?
की एका फेब्रुवारीत वीज गेली,
बाहेर उणे एकतीस,
आणि तिनं नि व्हर्नानं
बादल्यांना आपापले कोट गुंडाळले?

की एकदा तिनं चुकीची बाटली उचलली
आणि सकाळी एकतीस अंडी पांढरी पडली होती?
कोणी बघितलं नव्हतं.
मी वहीत पेन्सिलीनं लिहू लागले
तर व्हर्नानं मागून पेन पुढे केलं.
"शाईनं," म्हणाली. बस, एवढंच.
व्हर्ना सव्वीस वर्षं तिथे टाक्या धुते.
तिची सही कुठल्याच अर्जाला चालत नाही.

माझा बाप गोदीवर जहाजांत लोहखनिज भरतो.
त्याला चिकटवताना काका फोरमनला म्हणाला होता,
"पोरगा वेळेवर येतो."
तीन शब्द.
त्यावर एकतीस वर्षांची नोकरी,
आमचं घर, माझे दात, ही फी.
(पुन्हा एकतीस. मोजायची सवय लागली आहे.)

पहाटे दोनला मी अंड्यांचं वाक्य लिहिलं :
तिच्या हातून चूक झाली आणि ती तिनं शाईनं नोंदवली.
खोडलं.
परत लिहिलं.
डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीच्या पत्रात
मेलेली अंडी? सर काढतीलच.
काढू देत. त्यांच्या हातानं काढू देत.

पाठवलं.

बोस्टनहून सकाळी उत्तर :
"छान. एक वाक्य काढलं, एक घातलं. पाठवून दिलं."

कुठलं काढलं, कुठलं घातलं,
विचारता येत नाही. तो चौकोन
मीच भरला होता.

सहाला प्रयोगशाळेत गेले.
व्हर्ना आधीच आलेली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"बारा नंबरचा फिल्टर आवाज करतोय, बघ जरा."
मी कोट काढला.
टाकीत, काचेपलीकडे,
बोटभरही नसलेला एक मासा
कापलेलं हृदय घेऊन
खाण्यासाठी वर आला.