सभासद क्रमांक सात

सावद्याला स्टेशन रस्त्यावर केळी पिकवायची खोली.
दार जाड, खिडकी नाही, भाडं दोन हजार.
तीनदा चुना मारला, तरी भिंत
पिकल्या घडाचा वास सोडतेच.
"चित्रांना चालेल," झोपेबाई म्हणाल्या,
"बघणाऱ्यांना भूक लागेल, एवढंच."

भाग पाचशेचा. हसरत तडवीने तीनशे दिले,
उरलेल्यात शिडी लिहून घेतली.
पावत्या मी फाडल्या, सभासद क्रमांक सात.
तीस वर्षं ट्रकांच्या पाठीवर
दुसऱ्यांच्या पोरींची नावं रंगवली;
सही करायला कुणी अंगठ्याएवढी जागा ठेवली नाही.

भांडलो ते दारासमोरच्या भिंतीवरून.
आधी चिठ्ठ्या, मग चहा, मग दोन दिवस अबोला.
शेवटी ठरलं, भिंतही फिरेल
पाटाच्या पाण्यासारखी, पाळीपाळीनं.
पहिली पाळी इंदल पावराची:
सातपुड्याचा उतार, मधोमध कोरा चौकोन.
इथं काय?
"अजून ठरलं नाही."

उद्घाटनाला नारळ होता, माणसं नव्हती.
दुपारी एक हमाल आत आला, सवयीनं.
"भाऊ, माल कुठी उतरवू?"
कुणी हसलं नाही.
मग तो त्या कोऱ्या चौकोनापुढे उभा राहिला
बराच वेळ, खांद्यावरचा घड न उतरवता.

तो गेल्यावर वही उघडली.
विक्री: शून्य. पाहुणे: हमाल, एक.
एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.
चप्पल न घालता फाट्यापर्यंत पळालो,
धापा टाकत विचारलं, नाव?

उखर्डू तायडे.
परत येऊन लिहिलं, ट्रकवर लिहितो तसं,
खाली सावली देऊन.