रिकन्साइल

खानापूरच्या कोर्टात मी दुभाषी.
लोकअदालतीच्या शनिवारी एखाद्या फायलीवर
पेन्सिलीनं एकच शब्द असतो: रिकन्साइल.
साहेब म्हणतात, "मॅडम, यांना सांगा."

कसं सांगू?
समेट म्हटलं की वाटतं कुणीतरी नमतं घेतलं,
तडजोड म्हटलं की दोघांनीही.
दिलजमाई मांडवात शोभते, वकिलांसमोर नाही.
कानडीत संधान म्हणजे सलोखा,
मराठीत संधान म्हणजे
बाणाचा नेम.

त्या दिवशी रवळू घाडी आणि बसप्पा कुंबार.
मलप्रभेकाठच्या वीटभट्टीचे एकेकाळचे भागीदार,
अकरा वर्षं एकमेकांच्या बांधावरून न गेलेले.
कारण चार हजार तीनशे रुपये
आणि एक टेंपो माती.
कुणी उतरवून घेतली ती,
आता मातीलाही आठवत नसेल.

साहेबांनी विचारलं, "राजी आगतीरेनु?"
म्हणजे, मिटवता का?
रवळूच्या मराठी कानाला नुसतंच 'राजी' ऐकू आलं.
"कशाला राजी?"
मी तोंड उघडणार, तेवढ्यात
बसप्पा खिडकीबाहेर बघतच, मराठीत:
"चहाला की."

हॉल हसला. रवळू नाही हसला.
"साखर अजून तेवढीच घालून घेतोस?"
"नाही. डॉक्टरनं बंद केलीया."
मग बराच वेळ दोघंही गप्प.
त्याचं भाषांतर
कुणी मागितलं नाही माझ्याकडं.

चार हजार तीनशे अजून कागदावर आहेत,
पुढची तारीख पडलीय.

रात्री डिक्शनरी उघडून बसले.
शब्दाला 'विथ' लावला तर समोर माणूस लागतो.
'टू' लावला तर कुणी नसलं तरी चालतं,
झालं त्याच्याशी आपलं आपण जुळवून घ्यायचं.
बँकेत तिसरीच तऱ्हा:
वही आणि पासबुक शेजारी ठेवून
एकेक रक्कम टिपत जायची
फरक सापडेपर्यंत.

निपाणीची माझी धाकटी, कुंदा.
सहा वर्षं.
'टू' मला जमत आलं होतं.

नंबर काढून बसलेय,
चष्मा पुसला, दिवा मोठा केला, उगाच.
पहिलं वाक्य कुठल्या भाषेत, ठरत नाही.
'हॅलो' तेवढं
तिन्हींत एकच आहे.