मठार

"जुनं हवं," नीलाक्षीबाई म्हणाल्या,
"पण जुनाट नको."
मी वहीत लिहून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या,
जसं काही मला कळलंच होतं.

बाणेरचा एकोणिसावा मजला.
इटलीहून आलेली फरशी, अजून प्लास्टिकखाली.
भिंती राखाडी. राखाडी म्हणायचं नाही,
शेडकार्डावर तिला धुक्याचं नाव आहे.
सोफा इतका बुटका, की गुंजाळसाहेब बसून पाहताना
आपल्याच गुडघ्यांशी बोलले.
ह्या सगळ्या गप्प सामानात
एक भिंत बोलेल अशी हवी होती.
आठ फूट बाय चार. तांबं.

तांबट आळीत गाडी शिरत नाही.
ड्रॉइंगची नळी काखेत धरून गेले
ठोक्यांचा माग काढत.
तीन घरं ठोकत होती,
एकाचा ताल दुसऱ्याच्या मध्ये पडत होता,
कुणी कुणासाठी थांबत नव्हतं.
दिगंबर करड्यांनी कागद पसरला,
चार कोपऱ्यांवर चार हातोड्या ठेवल्या.
संगणकाने काढलेले ठिपके,
बारा बारा मिलिमीटरवर, कवायतीला उभे.
बराच वेळ पाहिलं. मग विचारलं,
"बाई, ह्यात पाणी कुठे भरायचं?"

मी हसले. ते नाही हसले.
"हंडा नाही, घंगाळ नाही, बंब नाही,
मग मठारायचं कशाला?
पत्रा कणखर व्हावा म्हणून मठारतात.
भरलेला हंडा कडेवर घेतला
तर पोट आत जाऊ नये, म्हणून."
वीस वर्षं मी ह्याला
टेक्श्चर म्हणत आले.

तरी ऑर्डर घेतली. आगाऊ रक्कम घेतली,
मोजली, देवाच्या फोटोमागे ठेवली.
मग गणपती आले, मग त्यांचा खांदा धरला.
मी फोन करायचे;
पलीकडून आधी ठोके यायचे,
मग ते.

गोधडीत गुंडाळून, टेम्पोतून, पत्रे आले. चार.
ठिपके ओळीत नव्हते.
किंचित वळत होते सगळे,
मधोमध जणू न दिसणारं भांडं
आणि हात त्याच्याभोवती फिरत राहिलेला.
आणि कडा. मी कोरी धार मागितली होती,
ब्लेडसारखी, भिंतीत लुप्त होणारी.
त्यांनी काठ वळवला होता,
आत तार घालून, चारी बाजूंनी.
"हे ड्रॉइंगमध्ये कुठे होतं?"
"नव्हतं," ते म्हणाले. "काठ कोण काढून दाखवतं?
काठ असतोच."

इक्बाल टेप लावून उभा:
खाचेत बसत नाही मॅडम, साडेपाच जास्त आहे,
कापू का?
तेवढ्यात नीलाक्षीबाई आल्या, कानाला फोन,
पडद्यांवरून कुणाला तरी झापत.
बोलता बोलता बोट त्या काठावर टेकलं
आणि टोकापासून टोकापर्यंत
न बघता
फिरून आलं.

"भिंत काप," मी इक्बालला म्हटलं.
धुक्याच्या रंगाचा भुगा
दिवसभर इटलीवर पडत राहिला.

बसवून झाल्यावर करड्यांनी
बोटाच्या पेराने तांब्यावर टकटक केली,
कान लावला.
"मागे प्लायवूड," स्वतःशीच म्हणाले,
चपला घातल्या,
लिफ्ट कुठली दाबायची ते विचारलं.

संध्याकाळी हायवेचे दिवे आत आले.
साहेब म्हणाले, वा.
मी फोटो काढले, बरेच. एकही नीट आला नाही.

पावती आठवड्याने मिळाली,
बॉलपेनने, उजवीकडे झुकलेली.
मालाचं वर्णन:
भांडी (उघडी), नग चार.
अकाउंटंट विचारतोय,
हे कुठल्या खात्यात टाकू.