पत्त्याचा रकाना

विनिपेगला जानेवारीत लस गार ठेवावी लागत नाही,
गोठू नये म्हणून जपावी लागते.
गोठली की गेली.
म्हणून कुप्यांची पिशवी मी स्वेटर आणि कोट यांच्या मधे बांधते,
ना अंगाच्या उबेत, ना वाऱ्याच्या तोंडी,
आणि नदीकाठच्या उतारावरून
अर्धी चालत, अर्धी घसरत
पुलाखाली उतरते.

पुढे बर्निस. ती इथे अकरा हिवाळे झोपलीय.
लांबूनच ओरडते: उठवायला कोणी आलेलं नाही!
कॉफी आहे. सुई आहे.
कॉफीला अट नाही.

अर्जात आठ रकाने.
नाव मिळतं. जन्मतारीख साधारण मिळते.
चौथ्या रकान्यात पत्ता.
म्हातारा क्लिओफास नीट विचार करून सांगतो,
तिसरा खांब, पाण्याकडची बाजू, निळी ताडपत्री.
मी तसंच भरते.
पडदा लाल होतो: पिनकोड हवा.
पिनकोड नाही तर नोंद नाही,
नोंद नाही तर दुसऱ्या डोसची आठवण नाही.
पुलाला नाव आहे. ज्याचं आहे
त्याला घर होतं, मोठं.
खांबाला पिनकोड नसतो.

मग मी तिथे माझा टाकते.

कागदोपत्री माझ्या दोन खोल्यांत
सध्या एकोणीस माणसं राहतात.
क्लिओफास, एल्डन,
ट्रूडी आणि ट्रूडीचे दोन माजी नवरे,
जे एकमेकांशी बोलत नाहीत.
घरमालकाला यातलं काही ठाऊक नाही.

एल्डनला म्हटलं, दंड दाखव.
त्यानं खिशातून पावत्यांचा चुरगळा काढला:
बस-थांब्यावर झोपल्याचा, बँकेच्या दारात शेकोटी केल्याचा.
तो नव्हे रे, म्हटलं, हा,
आणि त्याची बाही वर सारली.
एकाखाली एक, पाच बाह्या.
खाली एवढासा दंड,
तोही माफ करण्याजोगाच.

ट्रूडी नाही म्हणाली.
तिच्या आईला लहानपणी असंच कोणीतरी नेलं होतं,
पांढऱ्या कोटातलं, तपासून आणतो म्हणून.
चार वर्षांनी परत आणून सोडलं, तेव्हा
घरच्यांचं बोलणं तिला कळेना.
यावर मी काय बोलणार?
ट्रूडी म्हणाली, आधी कुत्र्याला टोच.
मी माणसांची नर्स आहे, म्हटलं.
तेच तर, ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला आणलं.
कुत्र्याला सुई, गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.
त्याला पत्ता कोणी विचारला नाही.
ट्रूडी तरीही नाही म्हणाली.
त्याच्या पुढच्या मंगळवारी
मी काही बोलायच्या आत तिनं कोट उतरवला
आणि सुई बाहेर येईपर्यंत
नदीकडे बघत राहिली.
का, ते मी विचारलं नाही.

आता जुलै. नदी सुटलीय, डास आलेत,
आणि माझ्या पेटीत पत्रं यायला लागलीत.
प्रिय श्री. क्लिओफास,
आपला दुसरा डोस घेण्याची वेळ झाली आहे.
येताना पत्त्याचा पुरावा आणावा.
मी पत्रं घेऊन उतार उतरते, पोस्टमनसारखी.
अकरा जण सापडले.
एल्डन तर कार्ड बुटात ठेवून होता, तारीख पुसलेली,
पण तारीख त्याला पाठ.
तिसऱ्या खांबापाशी मात्र
दुसऱ्याच कुणाचे बूट वाळत होते.
मार्चमध्ये, बर्निस म्हणाली.
एवढंच.

नियमानं मला नोंद बंद करायला हवी.
एक कळ दाबली की पत्रं थांबतील,
आणि क्लिओफास माझ्या घरातून जाईल.
अजून दाबलेली नाही.

काल पोस्टमननं पाकीट उलटसुलट केलं.
हे इथेच राहतात ना?
हो, म्हटलं.
जरा बाहेर गेलेत.